काशीचे मराठी घाट, रात्रीच्या उजेडात: सहा दिवसांच्या कामाच्या नोंदी

निघण्यापूर्वी

मराठ्यांनी नदीकाठी बांधलेले घाट अंधार पडल्यावर कसे दिसतात ते टिपायचं, असं हे काम आहे. वाई आणि महेश्वर आधी झालं. दोन्हीकडे दगडी पायरीवर ट्रायपॉड रोवून निवांत उभं राहता आलं होतं. काशी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण तिथे आपल्या लोकांनी जेवढा दगड रचला आहे तेवढा महाराष्ट्राबाहेर दुसरीकडे क्वचितच असेल. यादी अशी केली: अहिल्याबाई घाट, त्याला लागून नागपूरकरांच्या मंत्र्यांनी, श्रीधर नारायण मुन्शींनी बांधलेला मुन्शी घाट, अमृतराव पेशव्यांचा राजाघाट, शिंदे घाट, भोसले घाट आणि पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांच्या नावाशी जोडलेले दुर्गाघाट आणि ब्रह्मघाट.

सामान: फुल फ्रेम मिररलेस (मोठ्या सेन्सरचा, आत आरसा नसलेला) कॅमेरा, रुंद दृश्याची ३५ मिमीची एक लेन्स, दूरचं जवळ आणणारी ७०-२०० मिमीची दुसरी, दीड किलोचा कार्बन ट्रायपॉड, केबल रिलीज (कॅमेऱ्याला हात न लावता फोटो घ्यायची तार), तीन बॅटऱ्या आणि कपाळाला बांधायची लाल उजेडाची बॅटरी.

तारीख २४ फेब्रुवारी २०२४ धरली, म्हणजे माघी पौर्णिमा. हिशेब असा होता की काशीत गंगा उत्तरेकडे वाहते, गाव सगळं पश्चिम काठावर आणि घाटांचं तोंड पूर्वेला. पौर्णिमेचा चंद्र दिवेलागणीला बरोबर समोरून उगवणार आणि पायऱ्यांवर चांदणं पडणार. ही कल्पना मला इतकी आवडली की ती पारखून पाहायची राहून गेली.

२४ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी पोचलो. पौर्णिमेच्या स्नानाची गर्दी एवढी की गल्लीतून सामानासकट ब्रह्मघाटापर्यंत यायला तासाहून जास्त लागला. उतरलो आहे तो एका मराठी घरात वरच्या मजल्यावर. खोलीचे रोजचे १,००० रुपये, त्यात सकाळचा चहा आणि रात्रीचं जेवण. घरमालकीण काकूंच्या सासरच्या सात-आठ पिढ्या इथेच झाल्या. त्यांची मराठी ऐकताना मधेच एखादा बनारसी हेल येतो आणि लगेच पुन्हा पुण्यातल्या जुन्या वाड्यात बसल्यासारखं वाटतं.

संध्याकाळी साडेपाचलाच शिंदे घाटावर गेलो. सूर्यास्त ५.५७ ला. पहिली अडचण तिथे गेल्यावरच ध्यानात आली: घाटावर उभं राहिलं की घाट दिसत नाही, नुसत्या पायऱ्या दिसतात. थोडं पाण्यात पुढे जाऊन मागे वळून पाहायला हवं. म्हणून घाटालगतच्या तरंगत्या जेटीवर ट्रायपॉड मांडला. ३५ मिमी, एफ/८ (लेन्सचं भोक किती उघडं ते), आयएसओ १०० (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते), ८ सेकंद उघडं शटर.

६० फोटो काढले, त्यातला एकही धारदार नाही. जेटी पायाला स्थिर वाटते, पण मोटारबोट गेली की तिची लाट येऊन जेटी दोन-तीन मिनिटं झुलत राहते. ती थांबते तोवर दुसरी बोट येते. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर सगळं छान दिसत होतं. खोलीवर येऊन लॅपटॉपवर मोठं करून पाहिलं तर प्रत्येक दिव्याला शेपूट.

चांदण्याचा हिशेबही तिथेच संपला. चंद्र आला, मोठा आणि केशरी, पण घाटावरच्या एलईडी दिव्यांपुढे त्याच्या उजेडाला काही किंमतच नाही. चंद्रासाठी तारीख धरायची तर घाट काळोखात असायला हवेत. हे घरी बसून समजायला हवं होतं. महेश्वरलाही दिवे होतेच.

गेलेला वेळ: पूर्ण संध्याकाळ. खर्च: काही नाही.

२५ फेब्रुवारी, पहाट

सव्वापाचला उठून दुर्गाघाटावर गेलो. सूर्य समोरून, वाळूच्या काठावरून उगवतो, त्यामुळे चांगले फोटो झाले ते नदीचे आणि नावांचे. घाटाचा एकही नाही. जाताना वर पाहिलं तेव्हा चंद्र घरांच्या मागे पश्चिमेला उतरत होता. त्या क्षणी त्याचं काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याचाच उपयोग झाला.

२५ फेब्रुवारी, संध्याकाळ

पलीकडच्या वाळूवर जायचं ठरवलं. या दिवसांत पाणी उतरलेलं असतं आणि पूर्व काठावर रुंद वाळवंट उघडं पडतं. तिथे वस्ती नाही, दिवे नाहीत, जमीन हलत नाही आणि दक्षिणेच्या अस्सीपासून उत्तरेच्या राजघाटापर्यंतचा (हा माझ्या यादीतल्या राजाघाटाहून वेगळा) सगळा बाक समोर दिसतो. एक नाववाला ठरवला. त्याने सरळ सांगितलं, "आरती के टाइम पे नाव फँसाइएगा तो पैसा ज़्यादा लगेगा, भैया." त्याचं म्हणणं बरोबर होतं. साडेसहाच्या सुमारास दशाश्वमेधला आरती सुरू होते आणि त्या तासात त्याची नाव माणसांनी भरते. ती कमाई सोडून तो माझ्यासाठी रिकाम्या वाळूवर थांबणार. १,५०० रुपये ठरले.

५.४० ला पलीकडे पोचलो. पाण्याच्या कडेला, ओलसर घट्ट वाळूवर ट्रायपॉड लावला, कारण कोरड्या वाळूत पाय लगेच रुतत होते. घट्ट म्हणजे पक्की असं मी धरून चाललो. ७०-२०० लेन्स, १३५ मिमीवर, समोर भोसले घाटाची ती उंच सपाट भिंत आणि वरच्या बाजूला ओळीने बारक्या खिडक्या. ६.१० पासून ६.४० पर्यंत फोटो काढत राहिलो. १५ सेकंद, २० सेकंद, ३० सेकंद.

रात्री मोठं करून पाहिलं तर दोन दोष सापडले आणि दोन्हींची कारणं वेगळी.

पहिला दोष: प्रत्येक खिडकीला खाली एक पुसट जुळी खिडकी. फोटो एका दिशेला हललेला नव्हता, हळूहळू खाली सरकलेला होता. बराच वेळ कळेना. मग आठवलं की सामान आवरताना ट्रायपॉडचा एक पाय दोन बोटं खोल गेलेला होता. ओल्या वाळूत पाणी असतं, वजन पडलं की ते बाजूला होतं आणि पाय मुंगीच्या पावलांनी खाली जातो. अर्ध्या सेकंदाच्या फोटोत ते कळत नाही. १३५ मिमीवर ३० सेकंदांत मात्र सगळं काम नासतं.

दुसरा दोष जास्त महत्त्वाचा, कारण त्याच्यावर ट्रायपॉड हे उत्तर नाही. संध्याकाळी सूर्य घाटांच्या मागे मावळतो. म्हणजे वाळूवरून पाहिलं की उजळ आभाळ मागे आणि इमारतींची तोंडं आपल्याकडे, सावलीत. दिव्याखालची जागा पांढरीफटक आणि दोन दिव्यांच्या मधली भिंत काळी ठिक्कर. भोसले घाटाच्या दगडाचा पोत, ज्याच्यासाठी मी १,५०० रुपये देऊन नदी ओलांडली होती, तो कुठेच नाही. लॅपटॉपवर सावल्या उजळून पाहिल्या तर दगडाऐवजी नुसता दाणेदार रंगीत कचरा वर आला.

जेवताना काकूंना हे सांगत होतो. त्या म्हणाल्या, "अहो, मग पहाटेच जा की. आमच्या घराच्या भिंतीवर उजेड सकाळी येतो, संध्याकाळी येतो का कधी?" त्यांनी भाकरी वाढता वाढता सहज सांगितलं. मी मात्र ताट बाजूला सारून वही काढली.

२६ फेब्रुवारी, पहाट

या एका पहाटेनं सगळं काम उभं केलं, म्हणून सविस्तर लिहितो.

नाववाल्याला रात्रीच फोन केला होता. पहाटेचा भाव ६०० रुपये, कारण पाच वाजता त्याला दुसरं गिऱ्हाईक नसतं. सूर्योदय पाहणारे साडेपाचनंतर येतात. येताना त्याने तीन फळकुटं आणली. काल मी वाळूतला पाय दाखवला तेव्हा तो काही बोलला नव्हता. नावेची डागडुजी करताना उरलेले हातभर लांबीचे तुकडे, एका बाजूला डांबर लागलेलं. ट्रायपॉडच्या एकेका पायाखाली एकेक ठेवला आणि मी वरून सगळ्या भाराने दाबून पाहिलं. हललं नाही. यात एक रुपयाही गेला नाही आणि पूर्ण प्रवासात याहून उपयोगी काही मिळालं नाही. वाळूवर काम करायला जाणाऱ्याने फळ्या सोबत न्याव्यातच. प्लायवूडचे वीतभर तुकडेसुद्धा चालतील.

५.२० ला तिथे होतो. सूर्योदय ६.२३ च्या आसपास. ५.३५ पर्यंत आभाळ काळंच, तेव्हाचे फोटो काल संध्याकाळच्या फोटोंसारखेच कर्कश. ५.४५ नंतर फरक पडायला लागला. माझ्या पाठीमागे पूर्वेला फटफटत होतं आणि तो उजेड, कुठलीही सावली न पाडणारा, समोरच्या सगळ्या भिंतींवर पसरत होता. दिवे अजून चालू. भोसले घाटाच्या भिंतीवर आधी नुसते मोठे ठोकळे दिसले, मग दगडाचे सांधे, मग एका खिडकीखाली पाण्याचा ओघळ सुकून पडलेली पांढरी रेघ. मागचं पश्चिमेचं आभाळ मात्र गडद निळंच राहिलं, कारण पहाटे सगळ्यात शेवटी उजळते ती पश्चिम. संध्याकाळी विरोधात जाणारी प्रत्येक गोष्ट आता माझ्या बाजूने होती.

आणि त्या निळ्या आभाळात, घाटाच्या वर चांगलाच उंच, चंद्र. ज्याच्यासाठी पौर्णिमा धरून आलो होतो तो समोरून नाही, मागून उपयोगी पडला.

आकडे: ५.४८ ला एफ/८, आयएसओ १००, ६ सेकंद. ५.५५ ला ३ सेकंद. ६.०२ ला १ सेकंद. ६.१० च्या सुमारास भोसले घाटाकडचे दिवे गेले आणि काम संपलं. म्हणजे खरा वेळ २० ते २५ मिनिटांचा. एवढ्या वेळात एक घाट नीट होतो. दोन करायला गेलो तर दोन्ही अर्धवट राहतील, कारण वाळूतून सामान उचलून दोनशे पावलं चालायचं, फळ्या पुन्हा बसवायच्या आणि पातळी साधायची म्हणजे आठ-दहा मिनिटं जातात.

चंद्र ३ सेकंदांच्या फोटोत नुसता पांढरा ठिपका येतो, आणखी एखाद्या एलईडी दिव्यासारखा. म्हणून ट्रायपॉड न हलवता त्याच चौकटीत १/१०० सेकंदाचा दुसरा फोटो घेतला आणि त्यातला चंद्र नंतर पहिल्यात बसवला. तो होता त्याच जागी, होता तेवढाच. लांब लेन्सने मोठा केलेला चंद्र दुसरीकडून आणून बसवणं मला मान्य नाही, म्हणून हे लिहून ठेवतो.

पाण्याबद्दल: पहाटे मोटारबोटी सुरू व्हायच्या आधी गंगा तेल ओतल्यासारखी असते. प्रतिबिंब उभंच्या उभं मिळतं. ५.५० नंतर पहिली बोट आली आणि ते मोडलं, पण तोवर चार फोटो मिळाले होते.

चूक एकच, पण मोठी. ५.४० ते ५.५० चे फोटो धुरकट आले. धुकं नव्हतं. लेन्सच्या काचेवर दव धरलं होतं आणि लाल उजेडात ते मला दिसलंच नाही. पुसलं की पाच मिनिटांत पुन्हा.

२६ फेब्रुवारी, संध्याकाळ

दशाश्वमेधला आरती. गर्दीत ट्रायपॉड उघडायचा प्रश्नच नव्हता, हातात धरूनच फोटो काढले. लोकांना त्रास नको म्हणून आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर लावलं. १/५०० सेकंद. सगळ्या फोटोंवर आडवे काळे पट्टे. एलईडी दिवे डोळ्याला स्थिर वाटतात, पण आपल्याकडच्या विजेवर ते सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. इलेक्ट्रॉनिक शटर चित्र ओळीओळीने वाचतं, त्यामुळे काही ओळी उजळ क्षणी आणि काही मंद क्षणी टिपल्या जातात. उपाय तिथल्या तिथे सापडला: साधं शटर आणि १/५० किंवा १/१०० सेकंद. पण तोवर आरती निम्म्यावर आली होती आणि पुढे उठून उभे राहिलेल्यांच्या डोक्यांपलीकडे काही दिसेना.

आरतीचे फोटो या कामात घेणार नाही. घाटापेक्षा तो सोहळा मोठा होतो आणि मला दगड दाखवायचा आहे.

२७ फेब्रुवारी, पहाट

दवाचा उपाय काकूंनी केला. काल रात्री सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "काच गरम राहिली तर दव धरणार नाही ना?" मी हो म्हटलं. पावणेपाचला खाली उतरलो तर त्या माझ्याआधी उठलेल्या. तव्यावर जाडं मीठ आणि ओवा भाजून एका जुन्या पायमोज्यात भरला होता, लहान मुलाच्या छातीला शेकायला करतात तशी पुरचुंडी. वरून फडकं गुंडाळून ती हातात दिली. वाळूवर पोचल्यावर मोजा लेन्सच्या पुढच्या कड्याभोवती रबरबँडने बांधला. काचेला लावायचा नाही, कड्यालाच. ५.२० पासून ६ पर्यंत काचेवर एक थेंब आला नाही. पुढच्या वेळी दोन घेईन, एक कॅमेऱ्यावर आणि एक फडक्यात गुंडाळून खिशात, म्हणजे पहिली गार झाली की बदलता येईल. लेन्सला आणि माझ्या हाताला दिवसभर ओव्याचा वास होता.

आज शिंदे घाट. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास बांधायला घेतला आणि स्वतःच्याच वजनाने तो जमिनीत खचला. पुढे विसाव्या शतकात पुन्हा बांधला गेला. त्याच्या पायथ्याशी रत्नेश्वर महादेवाचं कललेलं देऊळ. पाणी वाढलं की त्याचा गाभारा बुडतो, आता मात्र ते तळापर्यंत दिसत होतं. फोटो चांगले झाले.

पण एक गोष्ट अशी घडली की ती लपवणं बरोबर नाही. शिंदे घाटाला लागूनच मणिकर्णिका, म्हणजे स्मशानघाट. २०० मिमीवर चौकट जरा डावीकडे सरकवली आणि कोपऱ्यात चिता आल्या. अंधारात मला त्या केशरी दिव्यांसारख्या वाटल्या आणि चौकटीला ऊब येते म्हणून मी सहा फोटो घेतले. नाववाला शेजारी बसून पाहत होता. तो उठून आला आणि हळूच म्हणाला, "उधर का मत लीजिए, भैया. किसी के घर का है." मी तिथेच ते सहाही पुसून टाकले. नदीपलीकडून, लांब लेन्समधून घेतलं म्हणजे चालतं असं नाही. शिंदे घाटाची चौकट लावताना डावी कड आधी मणिकर्णिकेच्या अलीकडे बांधून घ्या आणि मगच बाकीचं पाहा. धूर वाऱ्याने चौकटीत येतो, त्याला इलाज नाही, तो राहू दिला.

२७ फेब्रुवारी, दिवसा

दुपारी सगळे फोटो तपासले. कालच्या पहाटेचे जवळजवळ ४० फोटो किंचित मऊ होते, फळ्या असूनही. कारण लेन्सवरचं कंपन रोखणारं बटण चालूच राहिलं होतं. हातात धरून फोटो घेताना ते हवं असतं, ट्रायपॉडवर बंद करायचं असतं. माझ्या लेन्समध्ये कंपन नसताना ते यंत्र स्वतःच काचा हलवत बसतं. भोसले घाटाचे नशिबाने ११ नीट आहेत. आजपासून ट्रायपॉडच्या नळीला कागद चिकटवला आहे: बटण बंद, काच पाहा, फळ्या दाबा.

गच्चीवर बॅटऱ्या चार्जिंगला लावून खाली गेलो तेवढ्यात माकडाने लेन्सचं हूड (आडवा उजेड अडवणारं पुढचं कडं) नेलं. शेजारच्या मुलाने केळं दाखवून ते परत मिळवलं, कडेचा एक तुकडा दाताने तुटलेला. इथे गच्चीवर काही ठेवू नये.

२८ फेब्रुवारी, पहाट

अहिल्याबाई घाट आणि मुन्शी घाट. लाकूड, पुरचुंडी, बटण, सगळं जागच्या जागी. नाव ६०० रुपये.

हे दोन घाट शेजारी असूनही एका चौकटीत बसत नव्हते. मुन्शी घाटाकडचा उंच दगडी महाल दिव्यांनी लखलखतो आणि अहिल्याबाई घाट त्या मानाने मंद. एकाचा उजेड मोजून फोटो घेतला तर दुसरा बिघडतो. एकच चौकट तीन वेगवेगळ्या वेळांत घेतली, अर्धा सेकंद, २ सेकंद, ८ सेकंद, आणि नंतर त्या जुळवायच्या ठरवल्या. जुळवताना घाटाला बांधलेल्या नावा आडव्या आल्या. त्या पाण्यावर हलतात, प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असतात, त्यामुळे जोडलेल्या चित्रात एकाच नावेची तीन भुतं. शेवटी पाणी आणि नावा फक्त अर्ध्या सेकंदाच्या फोटोतून घेतल्या आणि पायऱ्या बाकीच्या दोघांतून. एका चित्राला साडेतीन तास गेले.

ज्यांना एवढा वेळ नाही त्यांनी आयएसओ ८०० करून अर्ध्या सेकंदाचा एकच फोटो घ्यावा. थोडा दाणा येतो, पण नाव नावेसारखी दिसते. मला आता वाटतं तेच जास्त प्रामाणिक आहे. ८ सेकंदांत पाणी साय धरल्यासारखं होतं आणि गंगा इथे वाहते आहे हे चित्रातून निघून जातं.

अहिल्याबाईंचं नाव काशीत मुख्यतः विश्वनाथाच्या देवळामुळे घेतलं जातं. १७८० मध्ये त्यांनी ते उभारलं. त्यांच्या घाटावर मी उभा होतो तेव्हा एक बाई पायरीवर पितळी कलश घासत होती. आठ सेकंदांच्या फोटोत तिचा कलश स्पष्ट आला आणि हात आलेच नाहीत. हा फोटो ठेवला आहे.

२८ फेब्रुवारी, रात्र

रत्नेश्वराच्या देवळाचा घोळ. लॅपटॉपवर फोटो सरळ करायला नेहमीचं आपोआप चालणारं साधन वापरलं, जे उभ्या रेघा शोधून चौकट ओळंब्यात आणतं. वाईत आणि महेश्वरला त्याने चोख काम केलं होतं. इथे त्याने चौकटीतली सगळ्यात ठळक उभी रेघ म्हणून देवळाचं शिखर धरलं आणि ते सरळ उभं केलं. देऊळ सुमारे ९ अंशांनी कललेलं आहे. ते सरळ झालं आणि मागचा सगळा शिंदे घाट, घरं, पायऱ्या, तिरके झाले. मी पाच-सात फोटो तसेच पुढे तयार केले, मित्राला पाठवलेही. त्याचा फोन आला, "अरे, घाट असा नदीत पडतोय का?" तेव्हा लक्ष गेलं.

आता पाण्याची रेघ आडवी धरून हाताने सरळ केलं. पलीकडच्या काठाशी पाणी जिथे पायरीला टेकतं ती रेघ काशीत सगळ्यात विश्वासाची. पण ज्या घाटाला बाक आहे तिथे तीही तिरकी दिसते, म्हणून कॅमेऱ्यातली पातळी दाखवणारी रेघ चालू ठेवणं बरं.

२९ फेब्रुवारी

राजाघाट राहिला. पहाटे नाववाल्याच्या घरी कुणी आजारी होतं आणि तो येऊ शकला नाही. दुसऱ्या नावेने गेलो, ८०० रुपये पडले, पण घासाघीस करण्यात ५.५० झाले. पलीकडे उतरेपर्यंत ६.०५. दिवे गेले. मिळालेले फोटो सकाळचे आहेत, रात्रीचे नाहीत, आणि या कामात ते बसत नाहीत. दोन नाववाल्यांचे नंबर आदल्या रात्रीच घेऊन ठेवायला हवे होते.

संध्याकाळी नावेतूनच शेवटचा प्रयत्न केला, ट्रायपॉडशिवाय: ३५ मिमी, एफ/२, १/६० सेकंद, आयएसओ ३२००. वल्ह्याची नाव घेतली, मोटारीची नाही, म्हणजे लाकडातून थरथर येत नाही. वल्ही उचलून धरलेली असताना, नाव नुसती वाहत असताना फोटो घ्यायचे. नाववाल्याला ते एकदाच सांगावं लागलं. राजाघाटाचा एक फोटो वापरण्यासारखा आला, त्यात अमृतरावांच्या वाड्याची एक बाजू आणि पायरीवर बसलेला एक म्हातारा, बाकी अंधार. मला तो आवडला आहे, पण मालिकेतल्या इतरांशी तो जुळत नाही. अजून ठरवलेलं नाही.

हिशेब: नावा एकूण ४,८००, खोली आणि जेवण ६,०००, रेल्वे येऊन-जाऊन २,३४०, चहा-रिक्षा धरून किरकोळ १,१००. एकूण १४,२४० रुपये. सुमारे ९०० फोटो काढले, त्यातले ठेवले ७. पहिले दीड दिवस आणि आजची पहाट धरली तर जवळजवळ निम्मा वेळ हातात काही न येता गेला. पहाटेचं गणित आधी केलं असतं तर हेच काम तीन दिवसांत झालं असतं.

१ मार्च, गाडीत

फळकुटं नाववाल्याला परत द्यायला गेलो तर त्याने घेतली नाहीत. पिशवीत आहेत, डांबराचा वास येतो आहे.

पंचगंगा घाटावरचा अहिल्याबाईंचा दगडी हजारा दीपस्तंभ यादीत घ्यायचा राहिला होता. रोज त्याच्यावरून जात होतो. तो पेटतो कार्तिकी पौर्णिमेला, म्हणजे या वर्षी १५ नोव्हेंबरला. त्या रात्री घाटावर तिळ ठेवायला जागा नसते, ट्रायपॉड विसरायचा, आणि नावांचे भाव आठ-दहा पटींनी चढतात असं नाववाला म्हणाला. काकूंच्या माडीवरच्या डावीकडच्या खिडकीतून स्तंभाचा वरचा अर्धा भाग दिसतो. काल दुपारी ७०-२०० लावून पाहिलं, मधे एक विजेची तार येते, पण खिडकीच्या चौकटीला टेकून जरा खाली वाकलं की ती सुटते. खोली त्यांनी नोव्हेंबरसाठी धरून ठेवली आहे. येताना गोडा मसाला आणायला सांगितलाय.